आईबाबांच्या झोपायच्या खोलीत कॅमेरा: बिनआवाजाचा कुठला, आणि मुळात लावावा का?

ऋतुजा_सातारा
बाबा ७१ वर्षांचे आहेत. गेलं वर्षभर पहाटे झोपेत ओरडतात, हात झाडतात, लाथा मारतात. मागच्या महिन्यात आईच्या गालावर फटका बसला, आणि नंतर एकदा ते स्वतःच पलंगावरून खाली पडले. हलवून जागं केलं की लगेच भानावर येतात आणि सांगतात, कुणीतरी अंगावर धावून आलं होतं. मेंदूविकारतज्ज्ञांनी दोन शक्यता सांगितल्या. एक तर झोपेतली फिट. नाहीतर स्वप्न पडत असताना शरीर सैल पडायला हवं, ते पडत नसावं. म्हणाले, दोन-चार रात्रींचं चित्रीकरण आणा, आवाजासकट.

म्हणून गोल फिरणारा वायफाय कॅमेरा आणला. बाबांनी कूस बदलली की तो घर्र करून त्यांच्याकडे वळायचा. रस्त्यावरून गाडी गेली, खिडकीतून उजेड आला की ‘टक्’. पुन्हा अंधार झाला की ‘टक्’. बाबांची झोप मुळात सावध, त्यात हे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. झोपच लागली नाही तर टिपणार काय?

आता माझं मत पक्कं झालंय. झोपायच्या खोलीत कॅमेरा एका जागी स्थिर बसणाराच हवा, आणि रेकॉर्डिंग आतल्या मेमरी कार्डावर व्हावं. दुकानदार डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा वेगळा डबा) घ्या म्हणतोय, पण त्यात हार्ड डिस्क फिरत राहते, तिची गुणगुण शांत खोलीत ऐकू येते. कुणी असं काही वापरलंय का?

विनायक_पेण
ताई, नवीन काही घेऊ नका. घरातला जुना मोबाइल एरोप्लेन मोडवर टाका, चार्जरला लावा, कपाटावर ठेवा. त्याच्यात ना पंखा ना मोटर. चार रात्रींसाठी पैसे कशाला घालवायचे?

निशाचर७७
विनायक, अंधारात मोबाइलला दिसत नाही. त्यासाठी झिरोचा दिवा लावावा लागेल, आणि ज्याला अंधारात झोपायची सवय आहे त्याची झोप तिथेच बिघडली. शिवाय फुल एचडीमध्ये आठ तासांचं रेकॉर्डिंग सहज ५०-६० जीबीच्या घरात जातं. रात्रभर चार्जिंग आणि रेकॉर्डिंग एकदम चालू ठेवलं की जुना फोन तापतो आणि मध्येच बंद पडतो. नेमकी पहाट हातची जाते.

ऋतुजा, मी झोपेच्या तपासणीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तो ‘टक्’ आवाज बिघाडाचा नाही. दिवसा सेन्सरसमोर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड, अडवणारी एक छोटी काच असते, अंधार पडला की ती बाजूला सरकते, तिचा तो आवाज. सेटिंगमध्ये नाइट मोड ‘ऑटो’ असतो, तो झोपायच्या आधी कायमचा ‘ऑन’ करा. मग कितीही उजेड-अंधार झाला तरी काच हलणार नाही. ‘मोशन ट्रॅकिंग’ बंद केलंत की वळणंही थांबेल. म्हणजे आहे तोच कॅमेरा चालेल.

नवीन घ्यायचाच असेल तर इन्फ्रारेड ९४० नॅनोमीटरचा बघा. ८५० वाल्याचे दिवे अंधारात मंद लाल दिसतात, ९४० चे दिसत नाहीत. त्याचा पल्ला कमी असतो, पण दहा बाय बाराच्या खोलीला पुरतो. रेकॉर्डिंग सलग ठेवा. ‘हालचाल झाली की’ असं ठेवलंत तर झटक्याची सुरुवातच निसटते आणि डॉक्टरांना तीच बघायची असते. साधारण २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) आठ तासांचे सात जीबीच्या आसपास होतात, ३२ जीबीच्या कार्डात चार रात्री मावतात.

पारिजात
सगळे यंत्राबद्दल बोलताय. आईंना कुणी विचारलं का? खोली त्यांचीही आहे.

आमच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यांच्या खोलीत आम्ही कॅमेरा बसवला, काळजीपोटीच. त्या काही बोलल्या नाहीत. पण साडी बदलायला न्हाणीघरात जाऊ लागल्या, वॉकर घेऊन, ओल्या फरशीवर. मला हे कळायला तीन आठवडे लागले. ज्या पडण्याच्या भीतीने कॅमेरा लावला, तीच जोखीम आम्ही वाढवून ठेवली होती. त्यानंतर मी ठरवलं, झोपायच्या खोलीत कॅमेरा नाही. आवाज न करणारा तर नाहीच नाही. आवाज येतो तोवर माणसाला निदान भान तरी राहतं की आपल्याला कुणी बघतंय.

विनायक_पेण
पारिजातताई, ती वेगळी गोष्ट. इथे डॉक्टरांनीच सांगितलंय. उद्या काकूंच्या डोळ्याला लागलं तर?

पारिजात
डोळ्याला लागू नये म्हणून काकूंचं अंथरूण आजच वेगळं करा. त्याला कॅमेरा कशाला लागतो? आणि निशाचर, तुमच्याच लॅबमध्ये एक रात्र झोपवून तपासणी होते ना? मग घरात हे कशासाठी?

निशाचर७७
अंथरुणाचं अगदी बरोबर. गादी जमिनीवर घ्या आणि उशाजवळचा काचेचा तांब्या, टेबलाचा कोपरा, जे लागू शकेल ते हलवा. हे आज रात्रीच करा.

तपासणीबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. स्वप्नाच्या झोपेत स्नायू सैल पडतात की नाही, हे हनुवटीवर इलेक्ट्रोड लावूनच नक्की समजतं, घरच्या व्हिडिओवरून नाही. पण लॅबमध्ये एकच रात्र मिळते, आणि नेमकं त्याच रात्री काही घडत नाही असे पेशंट मी पाहिलेत. घरच्या चित्रीकरणातून डॉक्टरांना कळतं की डोळे मिटलेले आहेत की उघडे, झटका दर वेळी एकसारखाच येतो की वेगवेगळा. फिट आणि स्वप्न यांतला फरक पुष्कळदा त्यातूनच सुचतो. स्वप्नात शरीर सैल न पडण्याच्या आजाराचा पार्किन्सन्सशी (कंपवाताशी) संबंध आहे, त्यामुळे ‘वय झालं की होतंच’ म्हणून सोडून देऊ नका.

ऋतुजा_सातारा
पारिजातताई, तुमचं वाचून फार वाईट वाटलं, कारण मी आईला खरंच विचारलं नव्हतं. ‘बाबांसाठी आहे’ एवढंच सांगितलं होतं. परवा शांतपणे बसून विचारलं. ती म्हणाली, “चार रात्री चालेल. पण बटण मी चालू करणार, मीच बंद करणार. आणि ते इंटरनेटवर जाता कामा नये.” त्याप्रमाणे वायफाय काढून टाकलं. दिवसा कॅमेऱ्यावर तिची टोपी असते. आई आता शेजारच्या दिवाणावर झोपते.

निशाचर, नाइट मोड कायम केल्यावर एकदाही टक् झालं नाही. पण पहिल्या रात्री चित्र पांढरंधोप आलं! मच्छरदाणीवर इन्फ्रारेडचा उजेड पडून सगळं धुक्यासारखं दिसत होतं. मग कॅमेरा दाणीच्या आत, पायथ्याच्या दांडीला बांधला. आवाजात पंख्याची घरघर आहे, पण बाबांचं ओरडणं स्पष्ट येतं. अडॅप्टर किंचित शिट्टीसारखा वाजत होता, एक्स्टेन्शन लावून तो खोलीबाहेर काढला.

दुसऱ्या रात्री ४ वाजून ४० मिनिटांनी घडलं. डोळे मिटलेले. उजवा हात कुणालातरी ढकलल्यासारखा. मी ते एकटीनेच पाहिलं. आईला दाखवलं नाही.

निशाचर७७
ही वेळ जुळते. स्वप्नाची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. उरलेल्या रात्रींचं बघताना तीन ते सहा आधी बघा. डॉक्टरांकडे तुकडे कापून नेऊ नका, त्या घटनेच्या आधीची आणि नंतरची पाच मिनिटंही असू द्या. जाग आल्यावर बाबा काय बोलले तेही त्यात यायला हवं.

पारिजात
माझं मत बदललेलं नाही. गरज तुमची खरी आहे, पण चार रात्रींचे चाळीस दिवस कसे होतात ते मी पाहिलंय. पाचव्या सकाळी कॅमेरा खोलीतून काढा, डबीत घाला. डॉक्टरांना हवं तेवढं ठेवून बाकीचं कार्ड पुसून टाका. आईंना शेजारी बसवून पुसा. आणि बाबांनाही सांगा, रात्री आपण काय करतो हे त्यांना अजून कुणी नीट सांगितलंय की नाही, ते तुमच्या लिहिण्यात कुठेच आलं नाही.