मोरित्झ फ्युर्स्टे एवढा फेमस हॉकीमुळे की हायरॉक्समुळे?

जिमवाली_सायली
मंडळी, आमच्या जिममध्ये सध्या सगळ्यांना हायरॉक्सचं (पळणं आणि जिमचे व्यायाम एकत्र असलेली रेस) वेड लागलंय, त्यामुळे माझ्या फीडवर सारखा तो जर्मनीचा मोरित्झ फ्युर्स्टे येतो, हायरॉक्स सुरू करणाऱ्यांपैकी एक. परवा कळलं की हा मुळात हॉकी प्लेअर, तेही ऑलिम्पिक गोल्डवाला! पण मला दिसतात त्या कमेंट्समध्ये सगळे त्यातल्या स्लेड (वजन ठेवलेली घसरगाडी ढकलणं-ओढणं) आणि वॉल बॉलबद्दलच (जड बॉल भिंतीवर उंच फेकणं) विचारतात, हॉकीचं कोणी नाव काढत नाही. हॉकीवाले कोणी असाल तर जरा नीट सांगा ना.

टर्फवरचा_नित्या
ताई, आम्हा हॉकीवाल्यांना तो खूप आधीपासून माहितीये. हॅम्बुर्गचा मिडफिल्डर, 2006 चा वर्ल्ड कप, 2008 बीजिंग आणि 2012 लंडनला गोल्ड, 2016 रिओला ब्रॉन्झ, 2012 चा जगातला बेस्ट प्लेअर पण तोच. रिओची न्यूझीलंडविरुद्धची क्वार्टर फायनल शोधून बघाच, जर्मनी 0-2 ने मागे, मॅच संपत आलेली, आणि तिथून ह्याने पेनल्टी कॉर्नरवर गोल मारून टीमला परत उभं केलं आणि शेवटच्या काही सेकंदांत 3-2 ने जिंकले. अंगावर काटा येतो अजून.

राहुल_ठाणे
आपल्याकडे त्याचे फॅन झाले ते हॉकी इंडिया लीगमुळे. 2013 चा पहिला सीझन रांची ऱ्हायनोजने त्याच्या कॅप्टनशिपखाली मारला, नंतर कलिंगा लान्सर्सने त्याला 1,05,000 डॉलर मोजून घेतलं. 2017 च्या फायनलला ह्याच कलिंगाने आपल्या दबंग मुंबईला 4-1 हरवलं, जाम वाईट वाटलं होतं, पण समोर तो असला की शिव्या पण घालवत नाहीत राव.

हॅम्बुर्गकर_मेघना
इथे जर्मनीत फुटबॉलपुढे हॉकीला कोण विचारतंय, नॅशनल टीममधली मुलंसुद्धा कॉलेज नाहीतर नोकरी सांभाळून खेळतात आणि बाकी लोकांना हॉकी आठवते ती ऑलिम्पिक आलं की. हायरॉक्सचं तसं नाही, 2017 ला इथेच पहिली रेस झाली, आठ वेळा एक-एक किलोमीटर पळायचं, प्रत्येक किलोमीटरनंतर व्यायामाचं एक स्टेशन, आणि पाय पार गळाले की शेवटी 100 वॉल बॉल. कोणीही तिकीट काढून उतरतं आणि स्वतःचे व्हिडिओ टाकतं, 2025 ला मुंबईतही झाली ना. रेस करणारेच ती पसरवतात, त्यात त्याचं नावही पसरतं. ऑलिम्पिक फायनलमध्ये असं कोण उतरणार?

टर्फवरचा_नित्या
मेघनाताई, पटलं. पण माझं म्हणणं एवढंच की त्याला फॉलो करणाऱ्यांपैकी थोड्यांनी जरी एक अख्खी हॉकी मॅच बघितली तरी खेळाचं भलं होईल, फेडरेशनवाल्यांनी त्याच्या जुन्या गोलच्या छोट्या क्लिप्स टाकायला हव्यात खरं तर.

जिमवाली_सायली
थँक्यू सगळ्यांना! ती न्यूझीलंडची मॅच आज रात्रीच बघते, जिमच्या ग्रुपवर पण टाकते. नित्या, लंडनच्या फायनलची लिंक असेल तर दे ना.