एसटीआय केलं की मशीन रिस्टार्ट होतंय, शिवाय स्क्रीनवर मराठी कसं आणू?

बूटवेडा:
मंडळी, सध्या स्वतःची छोटीशी ओएस लिहायचा किडा वळवळतोय. बूट सेक्टर चालतो, म्हणजे ५१२ बाइट, शेवटी ५५ एए, बायोस (मशीन चालू होताच धावणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) तो मेमरीत ७सी०० वर आणून ठेवतो वगैरे. प्रोटेक्टेड मोडमध्येही (प्रोसेसरचा ३२ बिटी मोड) शिरलोय, जीडीटी (मेमरीच्या भागांचा तक्ता) ठीक आहे, बी८००० ला, म्हणजे स्क्रीनच्या मेमरीत, लिहिलेली अक्षरं दिसतात. पण एसटीआय ही सूचना देऊन इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाका) चालू केले रे केले की क्यूएमू (पीसीची नक्कल करणारा प्रोग्रॅम) रिस्टार्ट, परत बूट, परत रिस्टार्ट, रहाटगाडगं नुसतं. आणि दुसरं, स्क्रीनवरची ओळ मराठीत आणता येईल का?

सोल्डरबाबा:
ट्रिपल फॉल्ट आहे हा. आयडीटी, म्हणजे कोणत्या इंटरप्टला कोणता हँडलर (त्याला उत्तर देणारा कोड) याचा तक्ता, भरलंय का? नसेल तर टायमरचा पहिला टिक आला (सेकंदाला साधारण १८ येतात) की प्रोसेसर हँडलर शोधायला जातो, तिथे कचरा, म्हणून फॉल्ट, त्यालाही कोणी वाली नाही म्हणून डबल फॉल्ट, तोही वाया गेला की प्रोसेसर हात टेकतो आणि मदरबोर्ड त्याला रिसेट मारतो. आणि नुसतं आयडीटी भरून भागणार नाही बरं का, बायोसने टायमरच्या इंटरप्टला ८ नंबर दिलेला असतो आणि प्रोटेक्टेड मोडमध्ये ८ म्हणजेच डबल फॉल्ट! इंटेलने पहिले ३२ नंबर राखून ठेवलेले, आयबीएमने पीसी काढताना त्यातलेच वापरले, ते आपण अजून निस्तरतोय. तेव्हा आधी पीआयसी (हार्डवेअरचे इंटरप्ट प्रोसेसरकडे पोचवणारी चिप) रीमॅप करून तिचे नंबर ३२ पासून पुढे न्या. क्यूएमूला नो-रिबूटचा ऑप्शन द्या, म्हणजे निदान ते बंद पडून थांबेल, आणि इंटरप्टचा लॉग चालू केलात की आधी कोणता फॉल्ट आला तेही कळेल.

तर्रीबाज:
एवढा खटाटोप कशाला, लिनक्स फ्रॉम स्क्रॅच करा की, सोर्सपासून आपलं आपण लिनक्स बांधायचं.

सोल्डरबाबा:
त्यात कर्नल (ओएसचा गाभा) आयता मिळतो हो, यांना तोच लिहायचाय. वाचायला एमआयटीचं एक्सव्ही६, म्हणजे शिकवण्यासाठी लिहिलेली ओएस, घ्या, छोटं आहे, डोक्यात मावतं.

रेघोट्या:
मराठीचं सांगतो. व्हीजीएच्या (पीसीचं जुनं स्क्रीन कार्ड) टेक्स्ट मोडमध्ये स्वतःचा फॉन्ट टाकता येतो, २५६ अक्षरं, प्रत्येक ८ बाय १६ ठिपक्यांचं. पण खऱ्या व्हीजीएवर एकेक घर ९ ठिपके रुंद असतं आणि नववा ठिपका कोरा, म्हणजे प्रत्येक अक्षरापाशी शिरोरेषा तुटणार. फक्त सी० ते डीएफ (हेक्स) नंबरांच्या ३२ अक्षरांच्या घरांत आठवा ठिपका नवव्यात पुन्हा उमटतो, ती सोय मुळात चौकटीच्या रेघा जुळाव्यात म्हणून केलेली. तिथे अक्षरं बसवली तर रेषा सलग येते पण काना आठव्या ठिपक्यावर असला तर तोही जाड होतो, आणि ३२ घरांत आमची बाराखडी बसवायची म्हणजे कठीणच. त्यापेक्षा ८ ठिपक्यांचा मोड लावा, मग ती भानगड नाही. तरी जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटीचं त्रांगडं उरतंच, म्हणून मी तर सरळ ग्राफिक्स मोडच घेईन. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट नावाचं वेगळं कार्डच मिळायचं भारतीय लिप्यांसाठी, यावरून काय ते समजा.

बूटवेडा:
भारी, हे शिरोरेषेचं माहीतच नव्हतं. आयडीटी भरलं, पीआयसी ३२ वर नेला, रिस्टार्ट बंद! पण आता टायमरचा एकच टिक येतो आणि मग सगळं गप्प??

सोल्डरबाबा:
ईओआय, म्हणजे इंटरप्टचं काम झालं हा पीआयसीला निरोप, पाठवत नसाल. हँडलरच्या शेवटी पोर्ट २० ला २० लिहा, दोन्ही हेक्स.