चाल माझी, करार तोंडी. आता आलेल्या कागदावर सही करू का?

मिरजेचा पेटीवाला:
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये एका यूट्यूब चॅनलसाठी गणपतीचं गाणं केलं. चाल माझी, शब्द मित्राचे. सगळं ठरलं ते स्टुडिओबाहेर चहाच्या गाडीवर: "पंधरा हजार देतो, नाव लावतो, पुढचं बघू." आठ हजार मिळाले. परवा गाणं आलं, तर संगीतकार म्हणून निर्मात्याचं नाव आणि मी 'संगीत संयोजन'मध्ये, म्हणजे नुसती वाद्यांची मांडणी करणारा. फोन केला तर म्हणाले, पैसे घेतलेत, गाणं आमचं. आता एक कागद पाठवलाय. त्यावर सही केली की उरलेले सात हजार लगेच. 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर' असं लिहिलंय. घरात पैशांची नड आहे.

जुना संयोजक, दादर:
मित्रा, आज सही करू नकोस.

माझ्यावर हे बेतलंय. भक्तिगीतांच्या एका सीडीसाठी आठ चाली केल्या, सगळं शब्दावर. सीडी हातात आली, कव्हर उघडलं, आत बारीक अक्षरात छापलेलं: 'चाली: पारंपरिक'. त्यातली एक चाल मी आई आजारी असताना रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून गुणगुणत बांधली होती. माझ्याकडे ना कागद, ना कच्चं रेकॉर्डिंग. भांडायचं कशाच्या जोरावर?

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखी लागतं, आणि देणाऱ्याची सही लागते. तू त्यांचा नोकर नाहीस, त्यामुळे आठ हजार घेतलेस म्हणून चाल त्यांची होत नाही. रेकॉर्डिंग निर्मात्याचं, चाल तुझी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाणं वाजवायची परवानगी तूच दिलीस, असं ते म्हणू शकतील; पण मालकी वेगळी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर हक्क लिहून दिलेस तरी रॉयल्टीतला समान वाटा सोडता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला, देता येतो. आणि चाल माझी आहे हे सांगायचा हक्क कलम ५७ खाली उरतोच.

कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच त्यांनी 'कायमस्वरूपी, जगभर' मुद्दाम घातलंय.

मोबाईलवर गुणगुणलेली कच्ची चाल, प्रोजेक्ट फाईल, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, आठ हजारांची बँकेतली नोंद, सगळं तारखेसकट आजच दुसरीकडे उतरवून ठेव.

ओवी:
दादा, तुमच्या मित्राचं काय? मी गीतकार आहे. शब्दांचे हक्क वेगळे असतात, ते तुम्ही परस्पर देऊ शकत नाही. दोघांनी मिळून बोला. आणि दोघंही आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचे सभासद व्हा, गाणं तिथे नोंदवा. वाटे किती ते आधी आपसात लिहून घ्या. आम्ही मैत्रिणींनी हे पुढे ढकललं, आणि दोन वर्षं एकमेकींशी बोललो नाही.

मिरजेचा पेटीवाला:
काका, ताई, मनापासून धन्यवाद. काल रात्री मित्र घरी आला. मेसेज चाळले, तर १२ मार्चला निर्मात्यानेच लिहिलेलं सापडलं: "तुमची चाल फायनल, उद्या डबिंग." त्यांना कळवलंय की संगीतकार म्हणून नाव दुरुस्त करा, मुदत पाच वर्षं लिहा, रॉयल्टीचा वाटा लिहा, मग सही. सात हजार अडकले. बायकोला सगळं सांगितलं, ती म्हणाली गणपतीपर्यंत भागवू. सोमवारी सांगलीत वकिलांकडे जातोय.

जुना संयोजक, दादर:
तो मेसेज छापून बरोबर ने. आणि वकिलांना सांग, अंतरा आणि मुखडा दोन्ही तुझेच, हे कागदात स्पष्ट यायला हवं.