वेगात बोटीची नाळ आपटते आणि वळणावर पंखा पाणी सोडतो: आधी काय तपासावे?

प्रश्न

माझ्या 16 फुटी फायबरच्या बोटीला 40 अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन (मागे बाहेरून बसवलेले) आहे. इंजिन बदलल्यापासून तीन तक्रारी आहेत. पूर्ण थ्रॉटलवर नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, एका लयीत वर उचलली जाते आणि खाली आपटते. वळण जरा जोरात घेतले की इंजिनाचा आवाज एकदम चढतो, पण बोटीचा वेग मात्र गळतो, म्हणजे पंख्याची पाण्यातली पकड सुटते. आणि सुकाणू सतत उजवीकडे ओढ घेते. पंखा 13 इंच पिचचा (एका फेऱ्यात हिशेबाने तेवढा पुढे जाणारा), गिअर 2:1, पूर्ण थ्रॉटलला 5000 आरपीएम आणि जीपीएसवर ताशी 38 किलोमीटर. पेट्रोलची टाकी, बॅटरी व नांगर हे सगळे मागेच ठेवलेले असते. नवा पंखा घ्यावा का?

पहिला प्रतिसाद

पंखा घेण्याची घाई कृपया करू नका, कारण तुम्ही वर्णन केलेली वळणावरची लक्षणे इंजिनाच्या उंचीकडे बोट दाखवतात. बोट ट्रेलरवर सपाट उभी करून तळाच्या मध्यरेषेला एक लांब सरळ पट्टी टेकवा, ती मागे इंजिनापर्यंत न्या आणि पंख्याच्या वरची आडवी पट्टी, जिला बहुतेक जण कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, ती या रेषेच्या किती वर येते ते मोजा. साधारणपणे ती तळाच्या पातळीत किंवा दोन-अडीच सेंटिमीटर वर असावी. त्याहून बरीच वर असेल, तर वळणात बोट कलताच पृष्ठभागावरची हवा पंख्यात ओढली जाते आणि पंखा पाण्याऐवजी फेस घुसळू लागतो. याला व्हेंटिलेशन म्हणतात; कॅव्हिटेशन निराळे, त्यात पात्यावरचा दाब इतका उतरतो की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे बनतात आणि ते फुटताना पात्याचा धातू खरवडला जातो. तुमच्या पात्यांवर तशा बारीक खळ्या नसतील, तर दोष हवेचाच आहे असे मी धरून चालेन. उलट इंजिन फार खाली असेल तर इंजिनाच्या पायाचा, म्हणजे खालच्या दांड्याचा, अधिक भाग पाण्यात राहून वेग खातो, म्हणून इंजिन एका वेळी बसवण्याच्या बोल्टचे एकच भोक सरकवावे.

नाळ आपटण्याचे मुख्य कारण मागे साचलेले वजन असावे. 25 लिटर पेट्रोलच 18-19 किलो भरते, त्यात बॅटरी, नांगर आणि चालवणारा माणूस. टाकी आणि नांगर जेवढे पुढे नेता येतील तेवढे न्या. बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पाणी नाही ना, हेही पाहा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि नाळ वर येताच ते सगळे मागे धावते. एवढे करूनही आपटणे राहिले, तर इंजिनाचा ट्रिम (उभा कल) एक खाच आत, म्हणजे ट्रान्समकडे (बोटीच्या मागच्या भिंतीकडे), घ्या.

दुसरा प्रतिसाद

थोडा हिशेब करून पाहू. 5000 आरपीएम आणि 2:1 गिअर म्हणजे पंखा मिनिटाला 2500 फेरे घेतो. 13 इंच पिच म्हणजे एका फेऱ्याला 33 सेंटिमीटर. त्यावरून वेग ताशी साधारण 49.5 किलोमीटर यायला हवा. प्रत्यक्षात 38 मिळतो, म्हणजे स्लिप (हिशेबापेक्षा कमी पडणारा वेग) सुमारे 23 टक्के. पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या बोटीला 10 ते 20 टक्के स्लिप सहसा चालते. मात्र जीपीएसचा वेग प्रवाहासोबत आणि प्रवाहाविरुद्ध असा दोन्हीकडे घेऊन सरासरी काढा, नाहीतर हा हिशेब फसवा ठरेल.

या आकाराच्या बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांसाठी पूर्ण थ्रॉटलला 5000 ते 6000 आरपीएम सांगितलेले असतात, म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. इंजिन खाली घेतल्यावर पंख्याला भरीव पाणी मिळेल आणि आरपीएम आणखी थोडे उतरतील. पिच कमी करायचे का, हे त्यानंतर ठरवा. पिच एक इंच कमी केल्यास साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात.

तिसरा प्रतिसाद

सुकाणूची ओढ पंख्याच्या फिरण्यातून येते. प्लेटखालची छोटी ट्रिम टॅब (वळवता येणारी पट्टी) पाहा: ओढ उजवीकडे असेल तर टॅबची मागची कड उजवीकडेच थोडी वळवून बोल्ट घट्ट करा. मात्र हे काम उंची आणि ट्रिम ठरल्यानंतरच करा, कारण ट्रिम बदलला की ओढही बदलते. तोवर सुकाणूवरचा हात सोडू नका आणि इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवलेलीच असू द्या.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. प्लेट तळापेक्षा साडेचार सेंटिमीटर वर निघाली. इंजिन एक भोक, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर, खाली घेतले आणि टाकी मधल्या बाकाखाली नेली. आता वळणात पंखा पाणी सोडत नाही. नाळेचे आपटणे मात्र ट्रिम एक खाच आत घेतल्यावरच थांबले. आरपीएम 4900 झाले आणि दोन्ही दिशांची सरासरी ताशी 41 किलोमीटर आली, म्हणजे स्लिप 15-16 टक्क्यांवर उतरली. टॅबही वळवली आहे. 4900 हा आकडा कमीच असल्यामुळे आता 11 इंच पिचचा पंखा उसना आणून, नेहमीच्याच वजनासह चालवून पाहणार आहे.