फॉरेन्सिकमध्ये पीजी: बेळगावच्या जवळपास कुठं होतं? लवकर सांगा

येळ्ळूरची: नमस्कार मंडळी. फॉरेन्सिकमध्ये पीजी करायचं पक्कं ठरलंय. बेंगळूरला घरचे पाठवणार नाहीत. बेळगावच्या आसपास काय आहे? फॉर्म भरायला थोडेच दिवस राहिलेत. चार दिवस नेटवर शोधलं, प्रत्येक ठिकाणी वेगळंच लिहिलंय.

शहापूरकर: नीट-पीजी द्या आणि एमडी फॉरेन्सिक मेडिसिन घ्या. ३ वर्षं. क्लिनिकल शाखा नाही, त्यामुळं रँक मागं असला तरी सीट मिळते. माझ्या धाकट्या भावानं तेच केलं. आज मेडिकल कॉलेजात शिकवतो, पोस्टमॉर्टेम करतो, कोर्टात साक्षीला जातो. ओपीडीची दगदग नाही.

खानापूर_रोड: आधी विचारा तरी की ओ त्यांना. फॉरेन्सिक मेडिसिन वेगळं, फॉरेन्सिक सायन्स वेगळं. पोस्टमॉर्टेम डॉक्टर करतो. व्हिसेरा (मृताच्या पोटातल्या अवयवांचे नमुने), रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, बंदुकीची गोळी हे लॅबमधला सायंटिस्ट तपासतो. ताई, तुमची डिग्री कुठली?

येळ्ळूरची: डिग्री झालीय, फर्स्ट क्लास आहे.

खानापूर_रोड: फर्स्ट क्लास कशात?

येळ्ळूरची: बीएस्सी, सीबीझेड, म्हणजे केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी.

शहापूरकर: मग एमडी विसरा, त्याला एमबीबीएस लागतं. पण एमएस्सीवाल्यांना नोकरी कुठं आहे? बीएड करा, शाळेत लागाल.

वैद्य_निपाणी: बीएएमएस झालेल्यांना अगदतंत्रात एमडी करता येते, त्यात विषशास्त्राबरोबर न्यायवैद्यकही येतं. त्यासाठी एआयएपीजीईटी ही परीक्षा असते. कुणाच्या घरी बीएएमएस असेल तर मला विचारा.

खानापूर_रोड: वैद्यबुवा, त्या सीबीझेड आहेत.

ताई, तुमच्यासाठी धारवाड. तिथं दोन दारं आहेत. कर्नाटक विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्सचा जुना विभाग आहे. दुसरं, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा धारवाड कॅम्पस. हे मूळचं गांधीनगरचं, २००९ साली गुजरात सरकारनं काढलेलं. २०२० च्या कायद्यानं राष्ट्रीय झालं. त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी असते, एनएफएटी म्हणतात. सगळे विषय सगळ्या कॅम्पसला नसतात, तेव्हा माहितीपत्रकात 'धारवाड' शब्द शोधूनच पैसे भरा. केमिस्ट्री आहे म्हणजे टॉक्सिकॉलॉजी (विषांची तपासणी) बघा, झूलॉजीवर डीएनएकडंही जाता येईल. फिजिक्स नाही, तेव्हा बॅलिस्टिकच्या, म्हणजे बंदूक-गोळ्यांच्या तपासणीच्या मागं लागू नका.

अनगोळ_वकील: नोकरीचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय. सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) वाचा. ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असला की फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचंच. राज्यांना तयारीला ५ वर्षांची मुदत आहे. इतकी माणसं आहेत कुठं आज? भरती करावीच लागणार.

शहापूरकर: कायद्यात लिहिलं म्हणून भरती होते का? माझा भाचा एमएस्सी करून बसलाय घरी.

अनगोळ_वकील: कुठल्या विषयात? नेट दिली का त्यानं? यूजीसी-नेटला, म्हणजे कॉलेजात शिकवायच्या पात्रता परीक्षेला, फॉरेन्सिक सायन्स हा स्वतंत्र विषय आहे.

सीमाभागातला: कर्नाटकात नोकरी म्हणजे कन्नडचा सक्तीचा पेपर. त्यापेक्षा महाराष्ट्रात जा. मुंबई, नागपूर, संभाजीनगर तिन्हीकडं सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या आपल्या ८६५ गावांतल्यांना सीमाभागाच्या दाखल्यावर जागा मिळते.

खानापूर_रोड: ती सोय मेडिकल-इंजिनिअरिंगला आहे. एमएस्सीला आहे असं धरून चालू नका, त्या कॉलेजला फोन करून विचारा.

सीमाभागातला: म्हणजे आमच्या पोरांनी मराठीत शिकायचं आणि शेवटी पेपर कन्नडचा द्यायचा? किती वर्षं चालायचं हे?

हिंडलगा_८२: माझा अनुभव सांगतो. ३ महिन्यांचं ऑनलाइन 'फॉरेन्सिक एक्स्पर्ट' सर्टिफिकेट घेऊ नका. मी २५,००० घातले, मुलाखतीत कुणी कागद उघडूनसुद्धा बघितला नाही. यूजीसीची मान्यता आधी बघा.

येळ्ळूरची: कन्नडवरून इथं भांडू नका, हात जोडते. मी मराठी माध्यमातली, पण कन्नड वाचता येतं, पेपर देईन. माझ्या मामाच्या केसमध्ये व्हिसेराचा रिपोर्ट यायला दीड वर्ष लागलं. पोलीस म्हणायचे लॅबकडून आला नाही. मामी दर महिन्याला स्टेशनला जाऊन रिकाम्या हातानं परत यायची. विष होतं की हार्ट, एवढंच तिला ऐकायचं होतं. त्या लॅबच्या टेबलापाशी मला बसायचंय. म्हणून बीएड नको.

शहापूरकर: हे आधी सांगायचं की बाळ. करा मग. भाच्याची पुस्तकं पडून आहेत, पाठवतो.

येळ्ळूरची: द्या काका, नक्की द्या. धारवाडला रोज जाऊन-येऊन जमतं का? घरचे त्यालाच अडून बसलेत.

कित्तूरची_आई: कित्तूरहून माझी मुलगी रोज जाते, पण बेळगावहून ७५-८० किलोमीटर पडतं. एमएस्सीला प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतात. हॉस्टेल बघ. तुझ्या आईला माझ्याशी बोलायला सांग, मी समजावते.