कटलेट म्हणजे छोटा कट का?? इंग्लिशमधलं हे -लेट, -लिंग कोणी समजावून सांगा ना

तर्रीपोहे:
भाचा पाचवीत आहे, इंग्लिश मीडियम. काल त्याच्या वर्कशीटमध्ये होतं की बुकचं बुकलेट, पिगचं पिगलेट, डकचं डकलिंग, म्हणजे लहान वस्तू नाहीतर पिल्लू. तर यानं आपल्या मनानं कॅटलिंग अन् डॉगलेट लिहून दिलं, दोन्हीवर लाल काट. आता मले विचारून राहिला की मामा हे चूक काहून, आणि मग कटलेट म्हणजे छोटा कट का, टॉयलेट म्हणजे छोटा टॉय का. मी म्हटलं झोप बाप्पा. पण खरंच काही नियम आहे का यात? आपल्याकडे डबा-डबी, सुरा-सुरी, गाडा-गाडी, पोट्ट्यालेही शिकवावं लागत नाही.

महालची_काकू:
नियम असा नाहीच रे. -लिंग हा इंग्रजीचा घरचा जुना प्रत्यय, -लेट अन् -एट फ्रेंचकडून आले, -किन डचकडून (नॅपकिन म्हणजे छोटं कापड). जे शब्द रुळले ते रुळले, नवीन आपण पाडले की कानाला खटकतात. मांजरीची जागा किटननं अडवली, कुत्र्याची पपीनं. गंमत म्हणजे कॅटलिंग हा शब्द इंग्रजीत खरंच होता, मांजराच्या पिल्लालाच म्हणायचे, भाचा फक्त उशिरा जन्मला.

आता कटलेट. त्याचा कटशी संबंधच नाही, फ्रेंचमध्ये बरगडीला कोत म्हणतात, कोतलेत म्हणजे छोटी बरगडी, मुळात हाडासकट मटणाचा तुकडा. आपण त्यात बटाटा भरून उपासाचंही करून टाकलं 😄 टॉयलेटही तसंच. त्वाल म्हणजे कापड, त्वालेत म्हणजे छोटं कापड, ते शृंगाराच्या टेबलावर अंथरायचे, मग त्या टेबलाला, मग नटण्या-मुरडण्याला, मग त्या खोलीला तेच नाव पडत गेलं, अन् शेवटी कुठे येऊन पोचलं ते सगळ्यांना माहीत आहे.

धडधड_बुलेट:
काकू मग बुलेट पण का?? बुल + लेट?

महालची_काकू:
बैल नाही, चेंडू. फ्रेंच बूल म्हणजे गोळा, बुलेट म्हणजे छोटा गोळा. पण बैल दुसरीकडे आहे, बुलक. तो -ऑक हिलॉकमध्येही आहे, हिल म्हणजे डोंगर, हिलॉक म्हणजे आपल्या टेकडी गणपतीसारखी टेकडी. बुलक आधी बैलाचं गोऱ्हं होतं, आता चांगला नांगराचा बैल झाला. आणि भाच्याला सांग, आउटलेटमध्ये लहान काही नाही, तिथलं लेट म्हणजे जाऊ देणे.

धरमपेठचा_मास्तर:
एक राहिलं. लहान म्हटलं की एकतर लाड नाहीतर किंमत कमी करणं, आपल्या सोनुलं आणि कार्टं सारखं. इंग्लिशमध्ये डकलिंग गोड, पण वीकलिंग, अंडरलिंग म्हटलं की तुच्छता. मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायांना 1906 साली 'डेली मेल'नं चिडवायला सफ्रजेट म्हटलं, त्यांनी तेच नाव मिरवलं. आणि लाडाचा खरा चालू प्रत्यय म्हणजे -ई, डॉगी, डॅडी. आंटी हेसुद्धा आंटचं लाडाचं रूप आहे, आपण शेजारच्या बाईला मान द्यायला वापरतो अन् त्या चिडतात ते वेगळं. ऑस्ट्रेलियावाले तर ब्रेकफास्टचं ब्रेकी अन् मॉस्किटोचं मॉझी करतात. मॉस्किटो मुळात स्पॅनिशमध्ये छोटी माशी, तिचं अजून छोटं केलं. पावसाळ्यात या म्हणावं नागपूरले, लाड उतरून जाईल.

तर्रीपोहे:
जबरदस्त ना जी 🙏 सगळं सांगितलं त्याले. कॅटलिंगचं ऐकून आता म्हणतो वर्कशीट परत मॅमले दाखवतो, मार्क मागतो. आणि ऑम्लेट???

महालची_काकू:
लॅटिनमध्ये लॅमिना म्हणजे पातळ पत्रा, लॅमेला म्हणजे छोटा पत्रा, त्यातूनच ते फिरत फिरत आलं. अर्धा मार्क तरी मिळायला हवा पोराला.