टीव्हीवर अवकाश दाखवलं, मुलं दुर्बिणीपाशी येऊन हिरमुसली. आता काय दाखवू?

जांबोटीकडची बाई

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका मराठी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी शाळेला मोठा टीव्ही दिला. शनिवारी शाळा सुटायच्या आधी मी त्यावर अवकाशाचे कार्यक्रम लावते. 2014 ची 'कॉसमॉस' मालिका हिंदीतून लावली तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. चांद्रयान-3 उतरतानाचं थेट प्रक्षेपणसुद्धा नंतर दोनदा बघितलं, मुलांनी मागून घेतलं.

मग आम्ही काही शिक्षकांनी पैसे घालून एक लहान दुर्बीण आणली. परवा रात्री मुलांना आणि पालकांना मैदानावर बोलावलं. आमच्याकडे अंधार भरपूर, आभाळ स्वच्छ. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर, म्हणजे वायू आणि धुळीच्या चमकत्या ढगावर, दुर्बीण लावली. रांगेत पहिली सातवीतली एक मुलगी होती. डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाली, "बाई, काच पुसू काय?"

तिला राखाडी डाग दिसला होता. टीव्हीवर तोच तेजोमेघ लाल-जांभळा, ज्वाळांसारखा बघितलेला. मागची मुलंपण बघून बघून बाजूला झाली. एकजण म्हणाला, टीव्हीवरच बरं दिसतंय. मला रात्रभर झोप लागली नाही. टीव्हीवरून सुरुवात केली हे चुकलं काय? का कार्यक्रम चुकीचे निवडले? कुणी मुलांना असं शिकवलं असेल तर सांगा. आमच्याकडे नेट धड चालत नाही, दुर्बीणही साधीच आहे.

शहापूरचा टीव्हीवाला

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी बेळगावात शहापूरला तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. आता मुलगा बघतो. आकाश बघायला मी शिकलो ते लोकांच्या छपरांवर. अँटेनाचा पाइप हातात धरून मी वर, खाली घरातली माणसं टीव्हीसमोर. "आलं काय?" "आलं, आलं! गेलं. परत फिरवा!" असं करता करता अंधार पडायचा आणि चित्र येईतो वर एकेक तारा उगवलेला असायचा. म्हणून टीव्ही आणि आकाश यांचं भांडण आहे असं मला कधी वाटलंच नाही.

काच पुसू काय म्हणणारी पोरगी सोडू नका. जे दिसलं ते तिनं दिसलं तसं सांगितलं आणि आधी उपकरण तपासायला निघाली. निरीक्षण करणाऱ्याला नेमकं हेच लागतं. तिला सांगा, काच स्वच्छ होती. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. रात्री अंगणातली जास्वंद काळीच दिसते की. कॅमेरा मिनिटांमागून मिनिटं उजेड साठवत बसतो आणि वेगवेगळ्या फिल्टरमधून घेतलेली चित्रं नंतर एकावर एक चढवतात. त्या राखाडी डागातला उजेड सुमारे 1300 वर्षं वाटेवर होता आणि तो थेट तिच्या डोळ्यात उतरला. टीव्हीवर रंग आला, पण हा उजेड आला नाही. तिला हे बसून सांगा, समजेल तिला.

टीव्हीवरून सुरुवात केली हे चुकलं नाही. माझ्या मते चूक झाली ती एवढीच, की कार्यक्रमात दाखवलं ते आणि मैदानावर दाखवलं ते, यांच्यात जोडणारं काही नव्हतं. ब्रिटनमध्ये पॅट्रिक मूर यांनी 1957 पासून 2012 मध्ये वारेपर्यंत 'द स्काय ॲट नाइट' नावाचा कार्यक्रम महिन्याच्या महिन्याला केला. त्यात प्रेक्षकाने स्वतः बाहेर जाऊन बघावं याकडे सगळा रोख. कार्ल सेगन यांच्या 1980 च्या जुन्या 'कॉसमॉस'चा सातवा भाग मिळाला तर तो आधी लावा. त्यात ते लहानपणीच्या ब्रुकलिनच्या शाळेत जाऊन मुलांना शिकवतात, मुलं प्रश्न विचारतात. तुमच्या वर्गासारखाच वर्ग दिसतो. मोठमोठे स्फोट आणि कृष्णविवरं पुढच्या वर्षी ठेवा.

पण बाहेरचे कार्यक्रम लावताना एक धोका आहे, तो मला फार उशिरा कळला. इंग्लंडच्या कार्यक्रमात ध्रुवतारा अर्ध्याहून वर असतो. आपल्या इकडे तो क्षितिजापासून जेमतेम 16 अंशांवर, कारण बेळगावचं अक्षांश तेवढंच. हात ताठ करून मूठ धरली की एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. म्हणजे आपला ध्रुव दीड मुठीवर. झाडी नसलेली उत्तर बाजू शोधा नाहीतर सापडणारच नाही. मुलं वर बघून शोधतात आणि टीव्ही खोटा म्हणतात. उलट अगस्त्य हा व्याधानंतरचा सगळ्यांत तेजस्वी तारा. इंग्लंडमध्ये तो उगवतच नाही आणि आपल्याकडे जानेवारीअखेर रात्री दहाला दक्षिणेला दोन मुठींवर लखलखीत उभा असतो. ध्रुवापेक्षा उंच! हे मुलांना मोजायला लावा. परदेशातल्या कार्यक्रमात न दिसणारी गोष्ट आपल्या गावातून दिसते, याचा त्यांना केवढा आनंद होईल.

आता माझ्या धंद्यातली युक्ती सांगतो. दुर्बीण लागत नाही.

शाळेवर किंवा शेजारच्या घरावर फ्री डिश आहे काय बघा. असणारच. तिचा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटरवर आहे. खानापूर-बेळगावातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सहा मुठींवर येतो. (थाळी त्याहून खाली बघतेय असं वाटतं, पण तिची घडण तशी आहे, ती बघते वरच.) मुलांना डिशमागे उभं करा, आग्नेयेला तोंड करून सहा मुठी मोजा. आता तिथं कोण आहे? जानेवारीअखेर रात्री सव्वाआठ-साडेआठला त्या जागेच्या अगदी जवळ मृगाच्या पोटातला बाण असतो, ते सरळ रेषेतले तीन तारे. आपल्या सगळ्या डिश ज्या वाटेवरच्या उपग्रहांकडे बघतात, त्या वाटेला लागूनच तो बाण जातो.

मग अर्धा तास थांबा, शेंगा खा. परत मोजा. बाण पश्चिमेकडे सरकलेला, डिश तिथंच आणि टीव्ही चालूच. का? उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याच्या चालीनंच फिरतोय, तारे मात्र मागं पडताहेत. हे पुस्तकात दहा ओळींत असतं आणि मुलं पाठ करून विसरतात. छपराखाली उभं राहून बघितलेलं माझ्या पोरीनं वीस वर्षांनी सासरी सांगितलं.

आणखी एक. मार्चच्या मध्यावर आणि सप्टेंबरअखेर चार-पाच दिवस सकाळी अकराच्या आसपास फ्री डिशचं चित्र काही मिनिटं फाटतं. पहिल्या वर्षी मी एका घरचा एलएनबी, म्हणजे थाळीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा, बदलून दिला, तरी दुसऱ्या दिवशी तक्रार आली. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ घेऊन त्यांच्या छपरावर बसलो. सूर्य सरकत सरकत बरोबर उपग्रहाच्या मागं आला आणि खालून हाक आली, "गेलं!" सूर्य बाजूला झाला, "आलं!" मी त्यांचे पैसे परत केले आणि त्या दिवसापासून दर मार्चला वाट बघत असतो. मुलांना त्या दिवशी वर्गात टीव्ही लावून बसवा. चित्र फाटलेलं बघायला बोलवा. मात्र सूर्याकडे कुणी मान वर करून बघायचं नाही, आणि त्या दिवशी दुर्बीण कपाटात कुलूप लावून ठेवा.

निपाणीची

टीव्हीवाल्या काकांचं वाचून आमच्या आजीचं घर आठवलं. 24 ऑक्टोबर 1995, दिवाळीतली अमावास्या, सूर्यग्रहण. खग्रास पट्टा राजस्थानपासून बंगालपर्यंत, आपल्याकडे खंडग्रास. आजीनं पिण्याच्या पाण्यात तुळशीपत्र घातलं, दारं लावली, गल्लीत चिटपाखरू नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची. दूरदर्शनवर शास्त्रज्ञ यशपाल समजावून सांगत होते. झाकलेल्या सूर्याच्या कडेला चमकणारी ती हिऱ्याची अंगठी दिसली तेव्हा आजीपण सोप्यातून आत येऊन उभी राहिली.

पण मला जास्त आठवतं ते पाठीमागच्या भिंतीवरचं. पूर्वेच्या खिडकीला पत्रा मारलेला होता, त्याला खिळ्यांची भोकं. एरवी त्यातून उजेडाचे गोल ठिपके भिंतीवर पडायचे. त्या दिवशी प्रत्येक ठिपक्याची कोर झालेली. वीस-पंचवीस कोरी, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून. पुढं टीव्हीवर ग्रहण, मागं भिंतीवर ग्रहण. आजी बोटानं एकेक कोर मोजत होती. आधी "बघू नको" म्हणणारी आजी ती. घरात कोंडून घेतल्यामुळंच आम्हाला ते दिसलं.

बाई, तुम्ही टीव्ही बंद करू नका. टीव्हीनं सांगितलं म्हणून मला भिंतीवरच्या कोरी म्हणजे सूर्यच आहे हे कळलं. नाहीतर त्याची भीती वाटली असती.

कॉलेज_टिळकवाडी

नेट नसेल तर स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग नेटशिवाय चालतं. त्यात गाव खानापूर निवडा म्हणजे ध्रुव दीड मुठीवरच दाखवेल. मोठ्या टीव्हीला जोडलं की झालं तुमचं स्वतःचं चॅनेल.

जांबोटीकडची बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, काल रात्री केलं! शाळेशेजारच्या घरावर डिश आहे, त्यांच्या अंगणात तेरा मुलं जमली. मुठी मोजताना प्रत्येकाची मूठ वेगळी, प्रत्येकाचा हात वेगळा, तरी सगळ्यांचं उत्तर जवळपास सारखं येत होतं. लहान मूठ असेल तर हातही आखूडच ना. हे मुलांनीच शोधलं.

बाण डिशच्या जागेवर आला तेव्हा घरातल्या आजोबांनी मधेच विचारलं, "मृग लागला की पाऊस येतोय, मग आज मृग दिसतोय आणि पाऊस कुठं हाय?" आमच्याकडे कन्नड बोलणारी घरंसुद्धा पावसाला नक्षत्राचंच नाव देतात, म्हणून तिथं सगळेच ऐकायला थांबले. मग सांगितलं, जूनमध्ये मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो. सूर्याच्या उजेडात ते तारे दिसत नाहीत. आज सूर्य दुसरीकडे आहे म्हणून मृग रात्री दिसतोय. आजोबा बराच वेळ वर बघत राहिले. म्हणाले, सत्तर वर्षं पेरणी केली, तो असतो कुठं हे आज बघितलं.

ती मुलगी परत दुर्बिणीला गेली. तिला 1300 वर्षांचं सांगितलं होतं. यावेळी तिनं आधी शेजारचं काळं आभाळ बघितलं, मग डाग, मग परत काळं आभाळ. म्हणाली, "बाई, कडा आहे त्याला. एका बाजूला पंखासारखं पसरलंय." मी बघितलं तर खरंच. मला आधी कधी दिसलं नव्हतं.

काका, मे महिन्यासाठी असंच काही असेल तर सांगा. मुलं सुट्टीत असतात, पण बोलावलं की येतील.

शहापूरचा टीव्हीवाला

पंख दिसला तिला! शाब्बास.

मे महिन्यात वळीव पडून गेला की हवा धुतल्यासारखी होते. मेच्या मध्यावर रात्री दहा-साडेदहाला दक्षिणेला, क्षितिजापासून अडीच मुठींहून थोडं वर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ बघा. नुसत्या डोळ्यांना अंधुक तारा, तुमच्या दुर्बिणीत कापसाचा बोळा. सुमारे एक कोटी तारे आहेत त्यात. इंग्लंडातून तोही दिसत नाही. कणकुंबीच्या रस्त्याला दक्षिण मोकळी असलेली जागा दिवसाउजेडी हेरून ठेवा आणि मला कळवा. चालणार असेल तर मीपण येतो, माझी बायनॉक्युलर घेऊन.